कडधान्यांखालची जमीन (सोलापूर जिल्हा)

कडधान्यांखालची जमीन : तूर, हरभरा, उडीद, मूग, मटकी, हुलगा ही पिके मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंमार्फत हवेतला नत्र मिळवतात, म्हणून ‘जमीन सुधारणारी पिके’ असा त्यांचा लौकिक आहे. सोलापुरात तो निम्माच खरा ठरतो. हरभरा मुळासकट उपटून खळ्यावर नेतात, भुसकट जनावरांपुढे जाते, तुराट्या चुलीत. बराचसा नत्र दाण्याबरोबर आणि काडाबरोबर शेताबाहेर पडतो. मागे राहतो तो तुरीचा गळलेला पाला आणि जमिनीत तुटून उरलेली मुळे. जमिनीचा कस वाढणार की घटणार, हे मग शेतकरी काय परत टाकतो यावर ठरते.

जिल्ह्याची जमीन बसाल्ट खडकापासून झालेली. माळावर उथळ व मुरमाड, भीमा-सीनेच्या काठी खोल काळी. ती चुनखडीयुक्त असून सामू 8 च्या आसपास असतो. पालाश भरपूर, नत्र कमी, स्फुरद असूनही पिकाला मिळत नाही, जस्त व लोहाचीही वाण. पाऊस कमी आणि लहरी. खोल काळ्या रानात पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून रब्बीसाठी ओल साठवायची रीत आहे. ओल साठते, पण उघड्या, तापलेल्या मातीतला सेंद्रिय कर्बही जळत राहतो. बहुतेक रानांत तो अर्ध्या टक्क्याच्याही खालीच सापडतो.

ही अडचण जुनी आहे. सोलापुरात 1933 साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. ‘मुंबई कोरडवाहू शेतीपद्धती’त बांधबंदिस्ती आणि विरळ पेरणीबरोबर शेणखतालाही जागा होती. 1970 पासून अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू शेती प्रकल्पाचे केंद्र इथेच आहे. काही नत्र सुबाभळीच्या पाल्यातून व काही युरियातून देण्याचे दीर्घ मुदतीचे प्रयोग या केंद्राने रब्बी ज्वारीवर केले. बाजरी व तूर 2:1 ओळींत, किंवा खरिपात उडीद आणि मागून रब्बी ज्वारी, ही त्याच परंपरेतली शिफारस.

शेणखताला जुन्या शेतीपुस्तकांत भरखत म्हणत, आणि शब्द नेमका आहे. पाच टन चांगल्या शेणखतात नत्र जेमतेम 25 किलो. पण खरी भर पडते ती कर्बाची. माती भुसभुशीत होते, ओल धरते, जिवाणूंना खाणे मिळते. कच्चे शेण मात्र हुमणीला आमंत्रण. अडचण पुरवठ्याची: ट्रॅक्टर आले, बैल गेले, उकिरडे आक्रसले. साखर कारखान्यांच्या प्रेसमडचे कंपोस्ट काही भागांत उपयोगी पडते. पीक निघाल्यावर धनगरांची मेंढरे रानात बसवण्याची पद्धतही टिकून आहे. लेंडीखत आणि मूत थेट शेतात पडते, वाहतूक शून्य.

रासायनिक खतात हरभऱ्याला हेक्टरी 25 किलो नत्र, 50 किलो स्फुरद व 30 किलो पालाश अशी शिफारस आहे. एवढा थोडा नत्र रोपाला गाठी धरेपर्यंतचा आधार म्हणून. त्यावर युरियाची मूठ वाढवली की पान काळेभोर दिसते, शेजारी कौतुक करतो आणि गाठी मंदावतात. आयता नत्र मिळाल्यावर झाड जिवाणूंना पोसत बसत नाही. स्फुरदाचे दुखणे वेगळे. टाकलेल्या डीएपीतला बराच भाग चुन्याशी बांधला जातो. म्हणून खत विस्कटून न टाकता पाभरीने बियाण्याजवळ पेरतात.

हा बांधलेला स्फुरद सोडवण्याची युक्ती सूक्ष्मजीवांकडे आणि काही मुळांकडेही असते. तुरीच्या मुळांतून पाझरणारे पिसिडिक आम्ल लोहाशी बांधलेला स्फुरद मोकळा करते, हे पटंचेरूच्या इक्रिसॅट या संस्थेतील संशोधनाने 1990 साली दाखवले. लोह असलेल्या तांबड्या मातीत त्याचा उपयोग. सोलापूरच्या चुनखडी रानात स्फुरद अडकतो तो कॅल्शियमशी. इथे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे सेंद्रिय आम्ल कामाला येते, पण चुना ते आम्ल झटकन मारतो. त्यामुळे या जिवाणूंचे पाकीट टाकले की खत बंद, हा हिशेब इथे फसतो.

गाठी धरणाऱ्या जिवाणूंचे, म्हणजे रायझोबियमचे, पाकीटही पीक पाहून घ्यावे लागते. हरभऱ्यावर मेसोरायझोबियम गटाचे जिवाणू गाठी धरतात, तुरीवर दुसऱ्याच गटाचे. 250 ग्रॅमचे पाकीट, थंड केलेले गुळाचे पाणी, दहा-पंधरा किलो बियाणे, सावलीत सुकवून लगेच पेरणी. बुरशीनाशक आधी, जिवाणू शेवटी. क्रम उलटला तर जिवाणू मरतात. दुकानाच्या पत्र्याखाली एप्रिल-मे काढलेल्या पाकिटात जिवंत जिवाणू कितीसे उरणार, ते उघडच आहे.

सगळे नीट झाले का, हे चाळीसेक दिवसांच्या झाडावर कळते. झाड उपटू नये, गाठी मातीतच राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढून बादलीत भिजवावे, गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी तांबूस रंग असेल तर नत्र बांधला जातो आहे. पांढरी किंवा हिरवट असेल, तर ती गाठ झाडाचे खाते, देत काही नाही.