शिष्यवृत्ती संपली, लंडन अपुरे राहिले

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची हकिगत सांगताना पदव्यांची यादी ठळकपणे येते. त्या पदव्यांचा खर्च कसा भागला, हा भाग मात्र बहुधा दोन ओळींत आटोपतो.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षांची. मोबदल्यात पुढे दहा वर्षे संस्थानची चाकरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी विद्यापीठ बदलले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला.

लंडन स्कूलमधील त्या अभ्यासक्रमाची फी होती १० पौंड १० शिलिंग. म्हणजे शिष्यवृत्तीच्या एका महिन्याच्या रकमेहूनही कमी! पेच फीचा नव्हताच. खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण आणि लांबत जाणारा मुक्काम यांचा तो पेच होता. मूळ मुदत संपलेली. वाढवून मिळाले ते एकच वर्ष. १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली, एवढीच जमेची बाजू. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके तर पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली.

कराराप्रमाणे ते बडोद्यात रुजू झाले. तेथे काय घडले ते सर्वश्रुत आहे: अस्पृश्य म्हणून शहरात राहायला जागा मिळेना, पारशी विश्रामगृहातून त्यांना हुसकावून लावण्यात आले आणि नोकरी सुटली. करारात चाकरीची वर्षे मोजून लिहिली होती. चाकरी करणाऱ्याने राहायचे कोठे, याचा विचार कोणी केला नव्हता.

मुदतीची चार वर्षे मात्र सरत होती. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर त्यांना प्राध्यापकी मिळाली. पगारातून काटकसरीने राखलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, अशी जुळवाजुळव करून जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. एका पारशी विश्रामगृहाने दार लावले होते, त्यानंतर तीन वर्षांतच एका पारशी मित्राने थैली मोकळी केली. हे दोन प्रसंग शेजारी ठेवूनच वाचायला हवेत.

१९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी, १९२३ मध्ये डी. एस्सी. कोलंबियाची पीएच. डी. त्याहून उशिरा, १९२७ मध्ये पदरात पडली. कारण त्यासाठी प्रबंध छापून सादर करावा लागे. १९२५ मध्ये निघालेला तो ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा आहे. त्याच्या अर्पणपत्रिकेवर नाव आहे सयाजीराव गायकवाडांचे, शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याबद्दल.