प्रमा

प्रमा : भारतीय तर्कशास्त्रातील संज्ञा. अर्थ, यथार्थ अनुभव. वस्तू जशी आहे तशी कळणे. अमुक गोष्ट मला ठाऊक आहे, असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा येतो, हा या विषयातला मूळ प्रश्न.

प्रमेची साधने म्हणजे प्रमाणे. न्यायदर्शन ती चार मानते : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. भाट्ट मीमांसक त्यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी यांची भर घालतात. चार्वाकांना प्रत्यक्षापलीकडे काही मान्य नाही. मात्र रोजच्या व्यवहारात त्यांचीच बाजू सर्वांत लंगडी पडते. विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला बदलापूर लोकल येत असल्याचे कळते ते उद्घोषणेवरून, म्हणजे शब्दाने. नाहीतर गर्दी कडेला सरकू लागली यावरून, म्हणजे अनुमानाने. गाडी डोळ्यांना दिसेपर्यंत जागचा न हलणारा चार्वाक दारातच लटकत जाणार.

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त स्मृतीला अनुभवापासून वेगळे काढले आहे. आठवण कितीही बिनचूक असली तरी ती प्रमा नव्हे. तिचा खरेपणा आधीच्या अनुभवाकडून उसना घेतलेला असतो. मिळालेले ज्ञान खरे आहे हे कशावरून, यावर दर्शनांचा जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध असते, ते खोटे ठरले तरच कारण दाखवावे लागते. नैयायिकांच्या मते प्रामाण्य बाहेरून, बहुधा त्या ज्ञानावर भिस्त ठेवून केलेली कृती फळली की मग, ठरते.

हा वाद पोथीपुरता नाही हे विठ्ठलवाडीहून दोन स्थानके पुढे, अंबरनाथच्या शिवमंदिरात दिसते. वालधुनी नदीच्या काठचे हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभारले, असे परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मंदिरातील शिलालेखात मात्र शिलाहार राजा मुम्मुणी (मांवाणी) याचे नाव आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख अभ्यासकांपुढे आणला. सुरुवातीच्या वाचनात त्यातला शक 782 धरला गेला, म्हणजे इ. स. 860. मंदिराचे वय म्हणून हाच आकडा काही काळ ग्रंथांतून फिरला. पुढे वाचन सुधारले. शक 982, इ. स. 1060.

पहिल्या वाचकांना मंदिराचे साल ‘ठाऊक’ होते का? त्यांचा विश्वास प्रामाणिक होता, समोर दगडावर कोरलेला पुरावा होता, वाचणारे जाणकार होते. तरी उत्तर नाही असेच द्यावे लागते, कारण साल खोटे होते. न्यायाच्या भाषेत तो भ्रम. समर्थन कितीही भक्कम असले तरी त्याची प्रमा होत नाही. तो भ्रम आहे हे दुसऱ्या प्रमाणाने कळते. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा भांडुप येथे सापडलेला ताम्रपट शक 948 चा (इ. स. 1026) आहे. थोरल्या भावाच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी मुम्मुणीने राज्य केले असणार नाही. तेव्हा 782 बाधित ठरतो आणि 982 जुळतो.

याहून अवघड प्रकरण वेगळेच आहे. ‘हे देऊळ ज्ञानेश्वरीहून जुने’ हे विधान घेऊ. ज्ञानेश्वरी शक 1212 ची, म्हणून विधान खरे. पण ते पांडवांच्या कथेवरून मानणारा, 782 या चुकीच्या वाचनावरून मानणारा आणि 982 वाचून मानणारा, अशी तीन माणसे कल्पिली तर तिघांनाही ते ठाऊक आहे म्हणायचे का? पहिल्याचे खरे ठरणे हा निव्वळ योगायोग. दुसऱ्याविषयी मतभेद संभवतो : चूक मोठी असली तरी या निष्कर्षाला तिचा धक्का लागत नाही, असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखकाला ही सवलत पटत नाही. ज्या पायावर निष्कर्ष उभा आहे तो पायाच खोटा आहे.

पाश्चात्त्य चर्चेत ‘समर्थित सत्य विश्वास म्हणजे ज्ञान’ या व्याख्येचे मूळ प्लेटोच्या संवादांत शोधले जाते. एडमंड गेटियर याने 1963 मध्ये जेमतेम तीन पानांच्या लेखात तिला छेद दिला : विश्वास खरा आणि समर्थित असूनही केवळ नशिबाने खरा असू शकतो. ही अडचण भारतात नवी नव्हती. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने दिलेले उदाहरण असे : मांस भाजण्यासाठी विस्तव नुकताच पेटला आहे, धूर अजून नाही, पण वर किड्यांचा थवा जमला आहे. दुरून पाहणारा त्याला धूर समजतो आणि तिथे अग्नी आहे असे अनुमान करतो. अग्नी असतोच. तरी ते ज्ञान नव्हे.

मराठी परंपरेत या प्रश्नाला ज्ञानेश्वरांनी अगदी निराळी कलाटणी दिली. ‘अमृतानुभवा’त अज्ञानखंडनापाठोपाठ ज्ञानखंडनाचेही प्रकरण येते, आत्मस्वरूपापुढे जाणणे हीसुद्धा उपाधीच ठरते. प्रमाणशास्त्राच्या अभ्यासकाने ते जरूर वाचावे, पण शिलालेखाचे साल ठरवताना त्याचा उपयोग नाही. न्यायातील पारिभाषिक शब्दांसाठी भीमाचार्य झळकीकर यांचा संस्कृत ‘न्यायकोश’ प्रमाण मानला जातो. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1928 मध्ये काढली. ही परंपरा कोशापुरती राहिलेली नाही. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने 1983 मध्ये पुण्यात परंपरेत शिकलेले नैयायिक आणि इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक समोरासमोर बसले. बर्ट्रांड रसेलचे विधानांविषयीचे विचार तिथे संस्कृतात मांडून शास्त्रीमंडळींपुढे ठेवले गेले, आणि त्यांनी त्यांवर खंडनमंडन केले.