नकाशावरची रेघ आणि आपला आमदार

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात ‘राष्ट्राध्यक्ष कोण?’ असे विचारा, बालवाडीतली मुलेही सांगतील. ‘गव्हर्नर कोण?’ याचेही उत्तर बहुतेकांना येईल. पण ‘तुमचा स्टेट सेनेटर कोण? तुमचा डिस्ट्रिक्ट कितवा?’ असे विचारले, की भल्याभल्यांची विकेट पडते. पुण्या-नागपुरात असताना आमदाराचे नाव, पक्ष आणि त्याने बदललेले पक्ष तोंडपाठ असणारी आपण मंडळी, इथे आमदार असतो हेच विसरून जातो.

वास्तविक आपल्या रोजच्या जगण्याशी जवळचा संबंध त्याचाच. शाळांना राज्याकडून किती पैसे मिळायचे, स्टेट युनिव्हर्सिटीला किती अनुदान द्यायचे, असे कितीतरी निर्णय वॉशिंग्टनमध्ये नव्हे, तर राज्याच्या राजधानीत होतात. त्याचे मतदारसंघही नाना आकारांचे. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ जागा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार लोक. कॅलिफोर्नियाच्या सेनेटमध्ये अवघ्या ४० जागा, म्हणजे एका सेनेटरमागे जवळजवळ १० लाख. आणि चिमुकल्या न्यू हॅम्पशायरच्या कनिष्ठ सभागृहात तब्बल ४०० सभासद. एकामागे जेमतेम साडेतीन हजारांच्या आसपास माणसे!

पण खरा प्रश्न आकाराचा नाही. मतदारसंघाची रेघ कोण काढतो, हा आहे. ‘जेरीमँडरिंग’ हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो, त्याचा जन्म राज्याच्या मतदारसंघातूनच झाला. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांनी राज्य सेनेटच्या नव्या मतदारसंघांच्या कायद्यावर सही केली. त्यातला एसेक्स काउंटीतला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा होता, की बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलमँडर बनवले आणि गव्हर्नरचे नाव त्याला कायमचे चिकटले.

रेघ वाकडी काढणे हा एक प्रकार; रेघ मुळीच न हलवणे हा दुसरा. टेनेसी राज्याने १९०१ नंतर साठ वर्षे मतदारसंघ बदललेच नाहीत. माणसे शहरात गेली, जागा मात्र खेड्यातच राहिल्या. १९६२ साली ‘बेकर विरुद्ध कार’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की अशा तक्रारी कोर्टाला ऐकता येतील. दोन वर्षांनी, १९६४ मध्ये, अलाबामाचा ‘रेनॉल्ड्स विरुद्ध सिम्स’ खटला आला. तिथे जेफरसन काउंटीत ६ लाखांहून अधिक लोक आणि लाउन्डेस काउंटीत सुमारे १५ हजार. दोन्हींना एकेकच सेनेटर. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात स्पष्ट केले, की प्रतिनिधी माणसांचे असतात, जमिनीचे नव्हेत. दोन्ही सभागृहांचे मतदारसंघ लोकसंख्येने शक्य तेवढे समान हवेत.

त्याच लाउन्डेसमध्ये बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती. पण १९६५ सालच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदार यादीत नव्हते. माणसे मोजली जात होती, विचारली जात नव्हती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो इमिग्रेशनचा कायदा, ज्याच्यामुळे आपल्यासारख्यांना या देशाचे दार उघडले. हे दोन कायदे एकाच वर्षाचे आहेत, हे आपण लक्षात ठेवावे असे मला वाटते.

हे सारे परके वाटत असेल, तर थोडे घरी जाऊन येऊ. महाराष्ट्रातले मतदारसंघ १९७१ च्या जनगणनेवर बेतलेले होते आणि २००४ पर्यंतच्या निवडणुका त्याच नकाशावर झाल्या. दरम्यान डोंबिवली, कल्याण, नवी मुंबई कुठल्या कुठे वाढली! २००८ च्या फेररचनेत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. उलट रत्नागिरीच्या ७ च्या ५ झाल्या आणि सिंधुदुर्गाच्या ४ च्या ३. खेड, संगमेश्वर, वेंगुर्ला ही नावे मतदारसंघांच्या यादीतून गेली. कोकणातली माणसे नोकरीसाठी ठाण्याकडे आली आणि चाळीस वर्षांनी त्यांच्या मागोमाग आमदारकीही आली, असे म्हणायला हरकत नाही.

आता आयोवाकडे वळतो. २००२ साली मी एमएस करायला तिथे आलो. मक्याची शेते, कडाक्याची थंडी आणि भारतीय किराणा मिळायची मारामार! अशा त्या राज्याने मतदारसंघ आखायची जी रीत घालून दिली आहे, तिला अमेरिकेत तोड नाही. १९८० च्या कायद्यानुसार दर दहा वर्षांनी नकाशा काढते ती विधिमंडळाच्या निःपक्ष कर्मचाऱ्यांची एक कचेरी. विद्यमान आमदार कुठे राहतात, कोणता मतदार कोणत्या पक्षाचा, मागच्या वेळी कुणाला किती मते पडली, यातले काहीही बघायचे नाही. विधिमंडळाने पहिल्या दोन नकाशांना फक्त हो किंवा नाही म्हणायचे. फेरफार करता येतात ते तिसऱ्या नकाशात. मी सॉफ्टवेअरवाला, कोणती माहिती आत घालायचीच नाही हे आधीच ठरवून टाकणारी ही पद्धत मला फार भावते. आयोवात कनिष्ठ सभागृहाचे १०० मतदारसंघ आणि त्यांच्या दोन-दोनच्या जोड्यांतून सेनेटचे ५०.

२००२ ची निवडणूक अशाच नव्या नकाशावरची पहिली. एका मतदारसंघात सुमारे २९ हजार लोक, म्हणजे आपल्याकडचे तालुक्याचे गाव. सीडर रॅपिड्सजवळच्या मॅरियन भागातल्या ३६ व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार होत्या स्वाती दांडेकर. जन्म नागपूरचा, आयोवात संसार, आणि १९९६ पासून तिथल्या शाळामंडळावर निवडून आलेल्या. प्रचाराच्या अखेरच्या आठवड्यांत प्रतिस्पर्धी उमेदवाराने एका ईमेलमध्ये सवाल केला, की भारतात वाढलेली बाई आयोवाचे कायदे काय करणार? त्यावर गदारोळ झाला. मतदारांनी उत्तर मतपेटीतून दिले, दांडेकर स्पष्ट बहुमताने निवडून आल्या. ती मते काही भारतीयांची नव्हती. त्या मतदारसंघात आपण असून असणार किती? शाळेच्या मीटिंगांना वर्षानुवर्षे ज्यांना पाहिले, त्यांना शेजाऱ्यांनी निवडले. मी नुकताच या देशात उतरलेला विद्यार्थी. त्या निकालाने मला जो धीर दिला, तो कोणत्याही ओरिएंटेशनने दिला नाही.

याआधी १९९० मध्ये कुमार बर्वे मेरीलँडच्या १७ व्या मतदारसंघातून निवडून आले होते. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे आमदार मानले जातात, आणि २०२३ च्या जानेवारीपर्यंत ते तिथे होते. पण एका मतदारसंघाचे मोल किती, हे शिकवले दांडेकरांच्या जागेनेच. २००८ मध्ये त्या सेनेटवर गेल्या. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांची वीज-गॅस नियामक मंडळावर नेमणूक केली आणि जागा रिकामी झाली. सेनेटमध्ये डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४. ही एक जागा गेली असती, तर २५-२५! समलिंगी विवाहाविरुद्धची घटनादुरुस्ती सेनेटमध्ये अडली होती, म्हणून साऱ्या देशाचे लक्ष मॅरियनवर लागले. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट लिझ मॅथिस जिंकल्या आणि बहुमत टिकले. एखाद्या तालुक्याएवढ्या भागाने अख्ख्या राज्याचा तराजू हातात धरला होता.

आता मी न्यू जर्सीत राहतो. इथे ४० मतदारसंघ. प्रत्येकातून एक सेनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य. निवडणुका विषम वर्षी, म्हणजे राष्ट्राध्यक्षाची धामधूम नसताना. साहजिकच उत्साह बेताचाच. २०१० च्या जनगणनेत मी मोजला गेलो, तेव्हा ग्रीन कार्डच्या रांगेत होतो, मत नव्हते. तरीही रेघा काढताना माझे घर हिशेबात होते. २०१६ च्या ‘एव्हनवेल विरुद्ध अ‍ॅबट’ खटल्यात टेक्ससच्या सेनेट मतदारसंघांवर हाच वाद झाला: केवळ मतदार मोजावेत की सगळी माणसे? सगळी माणसे मोजणे राज्यांना योग्यच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले. म्हणजे आपल्यातली एच-वनवरची मुले, भेटीला नव्हे तर कायमचे राहायला आलेले आई-बाबा, कालच जन्मलेले बाळ, सारे जण त्या रेघेच्या आत आहेत.

पण मोजले जाणे वेगळे आणि विचारले जाणे वेगळे. लाउन्डेसच्या लोकांना ते सक्तीने भोगावे लागले. आपण नागरिकत्वाची शपथ घेऊनही आळसाने घरी बसलो, तर दोष कुणाला द्यायचा? पुढची जनगणना २०३० मध्ये आहे, त्यानंतर पुन्हा नकाशे निघतील, जनसुनावण्या होतील. तोवर निदान एवढे करू या: आपला मतदारसंघ कितवा आणि आमदार कोण, हे माहीत करून घेऊ या. आणि कुणी सांगावे, पुढच्या नकाशात त्या रकान्यात आपल्याच मंडळाच्या बालनाट्यातले एखादे नाव असेल!