कॅमेऱ्याचे ओझे

जुन्या घरांच्या माजघरात किंवा ओसरीवर एखादी मोठी तसबीर हमखास टांगलेली असते. मधोमध खुर्चीवर बसलेले आजोबा, शेजारी नऊवारीतील आजी, मागे उभे असलेले मुलगे आणि सुना, पायाशी मांडी घालून बसलेली नातवंडे. सगळे जण श्वास रोखून एकाच दिशेने पाहत असतात. ते ज्याच्याकडे पाहत असतात तो मात्र तसबिरीत नसतो. काळ्या फडक्याखाली डोके खुपसलेला छायाचित्रकार आणि त्याच्यापुढे तिपाईवर उभी असलेली लाकडी पेटी, ही दोघे चौकटीबाहेरच राहतात. त्या पेटीच्या भिंगाविषयी आणि तिच्यातून निघालेल्या चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: ही पेटी उचलीत कोण होते? छायाचित्रकलेचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने पाहिला, तर तो निराळाच दिसू लागतो.

मोठ्या काचेवर चित्र घेणारा कॅमेरा ही मुळात अगदी सरळ वस्तू आहे. पुढच्या फळीत भिंग, मागच्या चौकटीत दुधी काच, आणि या दोहोंना जोडणारा, घडी होणारा काळा भाता. समोरचे दृश्य दुधी काचेवर उलटे उमटते. भिंग पुढे-मागे सरकवून ते रेखीव करून घ्यावयाचे, मग दुधी काचेच्या जागी रसायन लावलेली काच किंवा फिल्म बसवून भिंग क्षणभर उघडावयाचे, एवढीच त्याची क्रिया. या यंत्राला काटेकोरपणा हवा तो दोनच बाबतींत. एक म्हणजे आत प्रकाशाचा कवडसाही शिरता कामा नये. दुसरी म्हणजे चित्र ज्या पातळीत दुधी काचेवर रेखीव दिसले, नेमक्या त्याच पातळीत फिल्म येऊन बसली पाहिजे. केसभर अंतर पडले तरी चित्र पुसट होते. बाकी सारे सुताराच्या अकलेवर सोपविण्याजोगे आहे. भिंग सोडले तर या यंत्रात चांगल्या सुताराला आणि पितळेचे काम करणाऱ्याला न साधण्याजोगे फारसे काही नाही. मग ते इतकी वर्षे जड आणि महाग का राहिले?

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिस येथे दागेर याची छायाचित्रणाची कृती जगापुढे उघड करण्यात आली. त्याच वर्षी जिरू या व्यापाऱ्याने दागेरचा कॅमेरा विक्रीस आणला. एका लाकडी पेटीत सरकणारी दुसरी पेटी, असे त्याचे रूप होते. कॅमेरा, रसायने, पारा तापविण्याची पेटी आणि इतर साहित्य मिळून हा संसार सुमारे ५० किलोंचा होई, आणि त्याची किंमत होती ४०० फ्रँक. कारागिराच्या घरात अशी रक्कम सहजी निघण्याजोगी नव्हती. या वजनाचा त्रास लोकांना पहिल्याच दिवसापासून जाणवला असला पाहिजे. कारण १८३९ चे वर्ष सरण्यापूर्वीच बॅरन सेगिए या फ्रेंच गृहस्थाने भात्याचा कॅमेरा आणि घडीची तिपाई असलेला संच पुढे मांडला, आणि सगळे ओझे सुमारे एक-तृतीयांशावर आणले. म्हणजे कॅमेरा हलका करण्याची खटपट ही कॅमेऱ्याच्या जन्माइतकीच जुनी आहे.

तरीही पुढची कित्येक वर्षे कॅमेरा हलका झाला नाही. त्याचे कारण लाकडात नव्हते, काचेत होते. लहान चित्रावरून मोठे चित्र काढण्याची सोपी युक्ती त्या काळी नव्हती. कागद थेट काचेवर दाबून उन्हात ठेवावयाचा आणि काच जेवढी तेवढेच चित्र घ्यावयाचे, अशी रीत होती. साहजिकच मोठे चित्र हवे तर काच मोठी, आणि काच मोठी तर कॅमेराही मोठा. १२ × १० इंचांची, दोन मिलिमीटर जाडीची एक काच सुमारे ४०० ग्रॅम भरते. अशा दोन डझन काचा घेतल्या की त्यांचेच वजन नऊ-दहा किलो होते.

त्यात १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने कोलोडियनची कृती प्रसिद्ध केली. तिने चित्रे विलक्षण सुबक येऊ लागली, शिवाय खर्चही उतरला. आर्चरने या शोधाचे पेटंट घेतले नाही. तो सर्वांना मोकळा ठेवला, आणि १८५७ साली तो स्वतः मात्र दारिद्र्यात वारला. या कृतीत एक मोठी अडचण होती. काचेवरील लेप ओला असेतोपर्यंतच चित्र घेऊन ते उमटवावे लागे. त्यासाठी हाताशी दहा-पंधरा मिनिटांचाच अवधी असे. याचा अर्थ असा, की छायाचित्रकार जेथे जाईल तेथे अंधाराचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाणी आणि तसराळी बरोबर जाणे भागच होते. चित्र काढणे स्वस्त झाले, पण चित्रकाराचे ओझे वाढले.

हे ओझे हिंदुस्थानात लवकरच येऊन पोहोचले होते. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी एक होत. नव्या विद्येविषयी या मंडळींना वाटणारे कुतूहल निर्मळ होते यात शंका नाही. परंतु ही विद्या डॉक्टर, अधिकारी, लष्करी अंमलदार आणि सधन व्यापारी यांच्या वर्तुळापलीकडे जाणे कठीण होते. विलायतेहून आलेला कॅमेरा, विलायतेहून आलेले भिंग आणि ते सारे वाहणारे नोकर, एवढे ज्याला परवडेल त्याच्यासाठीच ती होती.

या स्थितीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सॅम्युएल बोर्न याच्या हिमालयातील मोहिमा. बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला. १८६४ साली तो काश्मीरच्या प्रवासास निघाला तेव्हा त्याच्या सामानासाठी ४२ हमाल होते. काचा, तंबू, रसायने आणि कॅमेरा माणसांच्या पाठीवरून घाट चढत होता. १८६६ साली त्याने मणिरंग खिंडीत सुमारे १८,६०० फूट उंचीवर छायाचित्रे घेतली. इतक्या उंचीवरून घेतलेली चित्रे त्यानंतर कित्येक वर्षे दुसऱ्या कोणाला साधली नाहीत. बोर्नने आपल्या प्रवासाची हकीगत ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात सविस्तर लिहिली. हमाल ओझी टाकून पळून जातात, ही तक्रार तीत पुन्हा पुन्हा येते. बोर्नची चित्रे आजही पाहणाऱ्याला थक्क करतात, आणि त्याच्या चिकाटीला तोड नाही. पण त्या बर्फात, अपुऱ्या कपड्यांनिशी, दुसऱ्याची काच पाठीवर घेऊन चढणारा माणूस एखाद्या रात्री निघून गेला असेल, तर त्याचीही बाजू असणारच. ती बाजू कोणी लिहून ठेवली नाही. चित्राखाली नाव बोर्नचे आले. ज्यांच्या पाठीवरून ते चित्र आले ते निनावी राहिले.

हे ओझे उतरविण्याचे काम पुढे दोन दिशांनी झाले. एक दिशा सुताराची आणि दुसरी रसायनशास्त्रज्ञाची.

सुताराच्या बाजूने पहिले मोठे पाऊल १८५७ साली पडले. स्कॉटलंडमधील किनेअर या वास्तुविशारदाने निमुळता भाता योजला. सरळ भात्याच्या घड्या एकीवर एक बसतात, त्यामुळे मिटल्यावरही तो बराच जाड राहतो. निमुळत्या भात्याची प्रत्येक घडी मागच्या घडीपेक्षा थोडी लहान असल्यामुळे एकीत एक अशा त्या सामावून जातात, आणि हातभर लांब होणारा कॅमेरा पुस्तकासारखा मिटतो. युक्ती लहान, पण पेटीतला पोकळ भाग वाहून नेण्याचे कारण तिने नाहीसे केले.

रसायनाच्या बाजूने १८७१ साली रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि त्या दशकाच्या अखेरीस अशा काचा बाजारात तयार मिळू लागल्या. अंधाराचा तंबू एकदम अनावश्यक झाला. घरून काचा भरून न्याव्या, चित्रे घ्यावी आणि सवडीने घरीच उमटवावी. ४२ हमालांतले बहुतेक हमाल एका शोधाने मोकळे झाले.

मग सुतार पुन्हा पुढे सरसावला. १८८२ साली लंडनच्या जॉर्ज हेअरने जो घडीचा कॅमेरा काढला, त्याचा आराखडा पुढील कित्येक दशके इंग्लंडात प्रमाण मानला गेला. तळाची फळी बिजागरीवर उघडे, तिच्यावर भिंगाची चौकट उभी राही आणि दातेरी पट्टीवर पुढे सरके. बर्मिंगहॅमच्या लँकेस्टर कारखान्याने याच सुमारास स्वस्त कॅमेरे मोठ्या संख्येने काढून ते मध्यम वर्गाच्या हाती दिले. १८९५ साली फ्रेडरिक सँडरसन याने आणखी एक सोय पेटंट केली. तो केंब्रिजचा, लाकूडकामात मुरलेला कारागीर. इमारतींची चित्रे घेण्याचा त्याला नाद. कॅमेरा वर कलविला की इमारतीच्या भिंती चित्रात आत झुकतात, हे त्याला खुपत होते. त्याने भिंगाच्या चौकटीला खाचा असलेल्या पितळी पट्ट्या लावल्या. त्यामुळे भिंग वर-खाली सरके, कलेही, आणि हवे तेथे घट्ट आवळता येई. हलकेपणातली खरी अडचण त्याने ओळखली होती. लाकूड तासून पातळ करणे कोणालाही जमते. पण पातळ केलेली चौकट वाऱ्यात थरथरली तर चित्र वाया जाते. जेथे ताण पडतो तेथेच धातू आणि जेथे पडत नाही तेथे काहीच नाही, हे हलक्या कॅमेऱ्याचे सगळे शास्त्र आहे.

हिंदुस्थानसाठी विलायती कारखाने खास कॅमेरे काढीत. महोगनीऐवजी साग, सरसाने जोडलेले सांधे दमट हवेत उकलू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पितळी पट्ट्या, आणि भात्याला किडीला न रुचणारे उग्र वासाचे रशियन कातडे. ते देखणे होते आणि टिकाऊही. मात्र पितळेने वजन वाढे आणि आयातीने किंमत. येथील साग तिकडे जाऊन कॅमेऱ्याच्या रूपाने दामदुपटीने परत येई, असेच म्हणावे लागेल.

या व्यवहाराला एक सुंदर उत्तर केरळातील आलप्पुळा येथे मिळाले. तेथे वाद्ये तयार करणारे आणि दुरुस्त करणारे एक घराणे होते. १९४० नंतरच्या काही वर्षांत गावातील एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचा भाता निकामी झाला, तेव्हा तो दुरुस्तीसाठी या घराण्यातील के. करुणाकरन यांच्याकडे आला. पेटीचा भाता ज्या हातांना उमगतो त्यांना कॅमेऱ्याचा भाता का उमगू नये? तो दुरुस्त झाला, आणि त्यातूनच संबंध कॅमेरा घडविण्याची कल्पना पुढे आली. सागाची चौकट, पितळेच्या पट्ट्या, हातांनी दुमडलेला भाता. भिंग तेवढे परदेशी. ‘वागीश्वरी’ या सरस्वतीच्या नावाने हा कॅमेरा देशभरच्या स्टुडिओंत पोहोचला. गावोगावच्या छायाचित्रकारांना आपल्या मिळकतीत बसेल असा मोठा कॅमेरा त्यामुळे मिळाला. माजघरातील त्या तसबिरींपैकी काही या कॅमेऱ्यातून उतरल्या असतील. सूर देणारा भाता आणि चित्र देणारा भाता एकाच कारागिराच्या हातून निघावा, यात कलेच्या इतिहासाला अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे.

पुढे लहान फिल्मच्या कॅमेऱ्यांनी, आणि त्यानंतर फिल्मच न लागणाऱ्या कॅमेऱ्यांनी, लाकडी पेटीला अडगळीत टाकले. वागीश्वरीचा कारखानाही थांबला. परंतु मोठ्या कॅमेऱ्याची ओढ संपली नाही, आणि तिला कारण आहे. काचेची जागा फिल्मच्या पानाने घेतली आणि चित्र मोठे करण्याची सोय झाली, तेव्हा ४ × ५ इंचांचे पान पुरेसे ठरले. या पानाचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मवरील एका चित्राच्या सुमारे पंधरा पट असते. त्यामुळे पानावरचे पान, भिंतीवरची वीट न् वीट त्यात उतरते. २०१४ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे ‘इंट्रेपिड’ नावाचा कॅमेरा निघाला. भावी ग्राहकांकडूनच आगाऊ रकमा गोळा करून त्याचे भांडवल उभे राहिले. महागड्या लाकडाऐवजी बर्चचे प्लायवुड, मोजकेच धातूचे भाग, आणि वजन एक-सव्वा किलोच्या आसपास. विद्यार्थ्यालाही घेता यावा हा त्यामागील हेतू होता. जिरूच्या ५० किलोंपासून येथवर यावयास पावणेदोनशे वर्षे लागली.

असे असले तरी ओझे नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. पेटी स्वस्त झाली, पण फिल्मचे प्रत्येक पान महाग राहिले, आणि भिंग अजूनही सुताराच्या हातून होत नाही. तिपाई उभी करणे, फडक्याखाली जाणे, उलटे दृश्य धीराने निरखणे हे कष्टही तसेच आहेत. बदलला आहे तो ओझे वाहणारा खांदा. जे एके काळी ४२ अनोळखी माणसांच्या पाठीवर होते, ते आता चित्र घेणाराच आपल्या खांद्यावर टाकून टेकडी चढतो. एखादे यंत्र हलके होणे ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. आपले ओझे आपल्याला उचलता येणे यातच कलेची आणि कलावंताचीही मोकळीक आहे. किनेअरच्या घडीने, मॅडॉक्सच्या काचेने, सँडरसनच्या पट्टीने आणि आलप्पुळाच्या वाद्यकारागिराच्या हातांनी ती थोडी थोडी मिळवून दिली. म्हणून माजघरातील त्या तसबिरीपुढे उभे राहताना चौकटीतल्या माणसांबरोबरच चौकटीबाहेर राहिलेल्या या सगळ्यांची, आणि मणिरंगच्या वाटेवरील त्या निनावी हमालांचीही, आठवण ठेवावयास हवी.