गोलंदाजाच्या खांद्याचा हिशेब



कोल्हापूरकडची मंडळी क्रिकेटच्या गप्पांना बसली, की भाऊसाहेब निंबाळकरांचा विषय निघाल्यावाचून बैठक मोडत नाही. मूळ कोल्हापूरच्या या फलंदाजाने १९४८ सालच्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या ४५२ धावांची बरोबरी व्हायला अवघ्या नऊ धावा उरल्या होत्या. पण काठेवाडच्या कप्तानाने पुढे खेळायचेच नाकारले आणि विक्रम हुकला. गगनबावड्यापासून गडहिंग्लजपर्यंत कुठल्याही गावात हा किस्सा काढा, त्या कप्तानाला दोन शब्द ऐकवल्याशिवाय कोणी राहत नाही. त्याने केले ते शोभण्यासारखे नव्हते, हे खरेच. पण मी एक प्रश्न विचारतो. त्या डावात महाराष्ट्राने चार गडी गमावून ८२६ धावा केल्या. तेवढ्या धावा होईपर्यंत चेंडू टाकीत राहिलेली माणसे कोण होती? त्यांतल्या एकाचे तरी नाव तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे काय?

आपल्या खेळाच्या इतिहासात धावा काढणाऱ्याचे नाव राहते. चेंडू टाकणाऱ्याच्या खांद्याचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवीत नाही. आज मला या खांद्याविषयीच बोलायचे आहे.

याची मुळे पुण्यात सापडतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिथल्या युरोपियन जिमखान्यावर पाळवणकर बाळू नावाचा एक तरुण नोकरीस होता. चर्मकार समाजात जन्मलेला, पगार महिना चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, सरावाची जाळी उभी करायची, आणि गोऱ्या साहेबांना फलंदाजीचा सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे, ही त्याची कामे. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. ते इतरांच्या आधी येऊन तासन् तास बाळूला चेंडू टाकायला लावीत. बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असा त्यांचा वायदा होता असे सांगतात. हिशेब करून पाहा: आठ वेळा साहेबाला बाद केले, की महिन्याचा पगार सुटला! या सरावातून बाळूंचा हात जगातल्या उत्तम डावखुऱ्या गोलंदाजांच्या तोडीचा झाला. पण त्या मैदानावर त्यांच्या हाती बॅट म्हणून कोणी दिली नाही. फलंदाजी ही साहेबाची मिजास आणि गोलंदाजी ही नोकराची मजुरी, अशी ती वाटणी होती. पुढे हिंदूंच्या संघात त्यांना घेतले तेही त्या हातासाठीच. चेंडू टाकायला ते सर्वांबरोबर मैदानात असत. चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. तेवीस सामने झाले, त्यांपैकी पंधरा आपण हरलो. तेव्हा बाळू पस्तिशीला पोचले होते. त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. संघाचे ओझे एका हातावर टाकणे म्हणजे काय, ते या आकड्यात दिसते.

मजुरी म्हणून सुरू झालेली ही वहिवाट पुढे राजेरजवाड्यांच्या आणि प्रांतांच्या संघांतही चालू राहिली. १९४३-४४ च्या हंगामात मुंबईच्या विजय मर्चंटांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या. त्या डावात आपल्या सदू शिंद्यांनी ७५ षटके आणि पाच चेंडू टाकले, १८६ धावा दिल्या आणि पाच बळी घेतले. मर्चंटांचे ३५९ सर्वांच्या ओठांवर आहेत. शिंद्यांची ७५ षटके मात्र कोणाच्या गप्पांत येत नाहीत.

याच्याही वरची गोष्ट पुढच्याच वर्षी, मार्च १९४५ मध्ये मुंबईला घडली. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबई आणि होळकर हे संघ समोरासमोर होते. चार डाव मिळून २०७८ धावा झाल्या. होळकरांकडून नागपूरचे सी. एस. नायडू लेगस्पिन टाकीत होते. पहिल्या डावात त्यांनी ६४ षटके आणि पाच चेंडू टाकले. दुसऱ्या डावात ८८ षटके. दोन्ही मिळून ९१७ चेंडू. एका प्रथम दर्जाच्या सामन्यात एका माणसाने टाकलेल्या चेंडूंचा हा जागतिक उच्चांक आहे. अकरा बळी मिळाले, त्यापायी ४२८ धावा गेल्या, आणि शेवटी सामनाही गेला. कप्तान कोण होते? त्यांचे सख्खे थोरले बंधू, कर्नल सी. के. नायडू. घरचा गडी म्हटला की कामाला मोजमाप राहत नाही, हे शेतकरी कुटुंबातल्या श्रोत्यांना मी वेगळे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, पण नायडूंचा खांदा कुठे मोडला? मोडला नाही. ते १९६१ पर्यंत प्रथम दर्जाचे सामने खेळत राहिले. बापू नाडकर्णींचेही तसेच. नाशिकच्या या डावखुऱ्या गोलंदाजाने जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली. ३२ षटकांत धावा दिल्या फक्त पाच. त्यांचा हात घड्याळाच्या लंबकासारखा फिरे. मंद गतीचा, सहज वळणाचा हात, आणि चेंडू टाकणारा पुरता वाढलेला माणूस, अशी जोड असली की शरीर पुष्कळ सोसते. एवढे मान्य करूनही इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे, असे मी म्हणेन. पुस्तकात नावे येतात ती टिकलेल्यांची. अठराव्या वर्षी ज्याचा खांदा गेला, तो पुस्तकापर्यंत पोचतच नाही.

वेगवान गोलंदाजाची गोष्ट निराळी असते, आणि तिथे मला रमाकांत देसाई आठवतात. उंची साडेपाच फुटांच्या आतच, अंगाने किरकोळ. क्रिकेटजगात त्यांना ‘टायनी’ म्हणत, म्हणजे चिमुकला. १९५८-५९ मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी हंगामात त्यांनी पन्नास बळी घेतले. लगेच फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांना कसोटीत उतरवले. वय वर्षे एकोणीस. वेस्ट इंडीजने आठ गडी गमावून ६४४ धावांवर डाव सोडला, आणि या पोराने त्यात ४९ षटके टाकली. चार बळी, १६९ धावा. लांबून धावत येऊन सगळे अंग झोकून टाकलेली ही ४९ षटके होती, जागच्या जागी फिरकी दिलेली नव्हेत. पुढच्या वर्षांत त्यांनी पाकिस्तानच्या हनीफ महंमदसारख्या चिवट फलंदाजाला पुनःपुन्हा बाद केले. मुंबईत त्याच पाकिस्तानविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन ८५ धावाही काढल्या. एकूण २८ कसोट्या, ७४ बळी. शेवटची कसोटी १९६८ साली, आणि तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. संघात दुसरा खरा वेगवान गोलंदाज नव्हता, खेळपट्ट्या फलंदाजांच्या बाजूच्या होत्या, आणि त्या काळी कामाचे मोजमाप कोणी ठेवीत नसे. धावांच्या वहीत प्रत्येक षटक लिहिलेले होते. पण गोलंदाजाच्या शरीरासाठी ती वही कोणी वाचली नाही.

हे मोजमाप प्रथम नेटाने झाले ते अमेरिकेत, बेसबॉल नावाच्या खेळात. आपल्याकडे काही शाळांतून आणि कॉलेजांतून हा खेळ खेळला जातो. त्यात चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्या गोलंदाजाला चेंडू टाकताना वाकलेले कोपर झटक्याने सरळ करता येत नाही. पिचर कोपरात हात वाकवून, गोफणीला हिसडा द्यावा तसा चेंडू फेकतो. त्यामुळे सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा बंधावर येतो. तिकडेही जुन्या काळी मोजदाद नव्हती. १८८४ साली रॅडबोर्न नावाचा पिचर एका हंगामात ६७८ डाव फेकीत राहिला. अखेरीस केस विंचरायला हात वर जाईना, अशी त्याची आठवण सांगतात. सँडी कोफॅक्स हा तर त्यांचा सर्वांत तेजस्वी पिचर. १९६६ मध्ये ऐन भरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, कोपराच्या दुखण्यापायी त्याने खेळ सोडला. मग १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या खेळाडूच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातली स्नायूची दोरी काढून दुखऱ्या कोपरात बसवली. तो पुन्हा उभा राहिला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले.

पण औषध सापडले की पथ्य सुटते, हा माणसाचा स्वभाव. पुढे शाळाकॉलेजांतली पोरेच या शस्त्रक्रियेसाठी रांगेत दिसू लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कारणे शोधली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौदा ते वीस वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ फेकणाऱ्यांना शस्त्रक्रियेपर्यंत जाण्याचा धोका इतरांच्या पाचपट होता. सामन्यागणिक सरासरी ऐंशीहून अधिक चेंडू फेकणाऱ्यांना चौपट. आणि हात थकलेला असतानाही नेहमी फेकत राहणाऱ्यांना? ३६ पट!

हे असे का होते, ते शेतकऱ्याला चटकन कळेल. मोटेचा नाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आठवून पाहावे. नाडा एका दिवसात तुटत नाही. रोज एखादा पीळ उलगडतो, एखादा धागा सुटतो, आणि एके दिवशी मोट विहिरीत जाते. शरीराचा बंध नाड्याहून भाग्यवान, कारण विश्रांती मिळाली तर सुटलेला धागा तो स्वतःच सांधतो. विश्रांतीआधीच पुन्हा ओढले, तर तो सांधा राहून जातो. शिवाय थकलेले स्नायू आपला भार उचलीत नाहीत. तो सगळा भार बंधावर आणि हाडावर जातो. वाढत्या वयाच्या मुलात आणखी एक गोष्ट असते. हाडाच्या टोकाजवळ जिथून हाड वाढते, तो भाग उसाच्या शेंड्याकडच्या पेरासारखा कोवळा असतो. मोठ्या माणसाचा बंध दुखावतो, तिथे मुलाचे हे कोवळे पेर दुखावते. क्रिकेटमधल्या जलद गोलंदाजाला खांद्याइतकीच कंबर सांभाळावी लागते. तिथल्या मणक्याला बारीक चीर जाते, आणि पोरगा म्हणतो, ‘जरा उसण भरली आहे.’

२०१४ साली अमेरिकेत वयानुसार मर्यादा सुचवल्या गेल्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला ८५ चेंडूंपलीकडे जाऊ नये, सतरा-अठरा वर्षांच्याने १०५ च्या, आणि कॉलेजातल्या, म्हणजे एकोणीस ते बावीसच्या तरुणाने १२० च्या. सतरा-अठराच्या मुलाने ८० हून अधिक चेंडू फेकले, तर पुढे चार दिवस सुट्टी. जपानात ही गोष्ट पटायला फार वेळ लागला. तिथे शाळांची बेसबॉल स्पर्धा म्हणजे आपल्या पंढरीच्या वारीसारखी, सारा देश तिकडे डोळे लावून बसतो. १९९८ साली मात्सुझाका नावाच्या शाळकरी मुलाने आदल्या दिवशी सामना खेळून दुसऱ्या दिवशी सतरा डावांत २५० चेंडू फेकले. देशभर वाहवा झाली. २०११ मध्ये त्याच्या कोपरावर तीच शस्त्रक्रिया करावी लागली. दोन्हींचा संबंध थेट जोडता येणार नाही, मधे तेरा वर्षे गेली होती. पण २०२० पासून तिथल्या शालेय स्पर्धांत आठवड्याला पाचशे चेंडूंची मर्यादा आली.

हे सारे आपल्या डोंगराळ मुलखात कशाला, असे वाटेल. आपल्याकडे भात कापून झाले, खाचरे वाळली, की टेनिस चेंडूच्या स्पर्धा सुरू होतात. जो पोरगा जोरात टाकतो, तो एका दिवसात तीन-तीन, चार-चार सामने टाकतो. एका सामन्यात त्याच्या वाट्याला दोनच षटके येतात म्हणून कोणाला काही वाटत नाही. पण सामन्याआधीचा सराव, मधली फेकाफेक आणि सीमारेषेवरून केलेले थ्रो यांची मोजणी कोण करतो? टेनिस चेंडू हलका. त्याला वेग आणायला हात अधिकच झटकावा लागतो. बऱ्याच पोरांचे कोपरही वाकते आणि पंच कानाडोळा करतात. म्हणजे नाव क्रिकेटचे आणि ताण पिचरचा! दुसऱ्या दिवशी हाच पोरगा कोयता घेऊन उसाच्या फडात असतो, नाहीतर पोलीस भरतीच्या तयारीला लागलेला असतो. त्या भरतीत गोळाफेकीला गुण आहेत. खांदा गेला, तर त्याचा करंडक तर जातोच, नोकरीही जाते.

गंमत अशी, की मोजून मेहनत करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगत नाही. आज किती जोर, उद्या किती, कोणाशी लढत, खुराक काय, झोप किती, हे सगळे त्याच्या डोक्यात पक्के असते. पोराचा दंड हातात धरून आज याला आखाड्यात उतरवायचे की नाही, हे तो ठरवतो. क्रिकेट आपल्या गावात आले ते वस्तादाशिवाय आले. शाळेतल्या गुरुजींनी ती जागा घ्यायची ठरवली, तर एक पाटकोरी वही पुरेल. डावीकडे मुलाचे नाव आणि जन्मसाल, पुढे तारीख, त्या दिवशी सरावात आणि सामन्यात मिळून टाकलेले चेंडू, आणि शेवटच्या रकान्यात त्याला विचारून लिहायचे: खांदा दुखतो का, कोपर दुखते का, कंबर धरते का. पोरगा बहुधा ‘नाही’ म्हणेल, कारण संघातून वगळतील ही त्याला भीती. तेव्हा तो दप्तर कोणत्या खांद्यावर घेतो आहे, तेही गुरुजींनी पाहून ठेवावे.