लिनक्सचा गाभा : जुना कीं नवा?

संगणकाचीं अंगें अनेक. पण त्या सर्वांकडून काम करवून घेणारा, स्मृति, तबकडी व प्रोसेसर यांची निरनिराळ्या कार्यक्रमांत वांटणी करणारा जो भाग, त्यास कर्नेल म्हणजे गाभा म्हणतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीस तो कधीं पडत नाहीं. लिनक्स नांवाचा गाभा हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिहावयास घेतला. आज असंख्य सर्व्हर व अँड्रॉइड जातीचे फोन त्याच्यावर चालतात. या गाभ्याची नुकतीच निघालेली आवृत्ति घ्यावी, कीं जुनी असून जिची डागडुजी वर्षानुवर्षें चालूं राहते ती दीर्घकालीन आवृत्ति घ्यावी, हा प्रश्न संगणक सांभाळणारापुढें नेहमींचाच आहे. जुनी ती सुरक्षित आणि नवी ती धाडसाची, असें उत्तर बहुतेकांच्या तोंडीं असतें. परंतु इतिहास पाहूं लागलें म्हणजे या उत्तराचा पाया डळमळीत वाटूं लागतो.

प्रारंभीं हा भेद क्रमांकावरूनच कळे. क्रमांकांतील दुसरा आंकडा सम असला तर आवृत्ति लोकांच्या वापराची, विषम असला तर प्रयोगाची. व्यवस्था दिसावयास मोठी सुबक, पण २.४ ही आवृत्ति जानेवारी २००१ मध्यें निघाली आणि २.६ निघावयास डिसेंबर २००३ उजाडला. मधल्या काळांत गिऱ्हाइकांस हव्या असलेल्या सोयी २.५ या प्रयोगशाखेंत अडकून पडल्या. तेव्हां लिनक्सचे वितरक त्या तेथून उचलून स्वतःच्या २.४ मध्यें बसवूं लागले. ज्यास स्थिर म्हणावयाचें तो गाभा अशा रीतीनें प्रत्येक वितरकाकडे निराळा झाला, आणि तसा तो मूळ लेखकांपैकीं कोणीच तपासलेला नसे. स्थैर्याच्या नांवाखालीं इतकी अस्थिरता क्वचितच खपली असेल!

२००४ सालीं प्रमुख लेखकांनीं निराळी प्रयोगशाखा काढण्याचा विचार सोडून दिला. दर दोनअडीच महिन्यांनीं नवी आवृत्ति निघूं लागली, आणि मार्च २००५ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन व ख्रिस राइट यांनीं निघालेल्या आवृत्तीस लहान दुरुस्त्या पुरविण्याचें काम अंगावर घेतलें. त्यांनीं घातलेला एक नियम महत्त्वाचा आहे. जी दुरुस्ती टोर्व्हाल्ड्सच्या मुख्य शाखेंत आहे तीच जुन्या आवृत्तींत घ्यावयाची. एरवीं जुन्यांत बुजविलेलें भोंक पुढच्या आवृत्तींत पुन्हा उघडें पडावयाचें. म्हणजे जुन्याचें आरोग्य नव्यावर अवलंबून राहिलें.

पुढें २.६.१६ ही आवृत्ति एड्रियन बंक यांनीं २००८ पर्यंत संभाळली. २०११ सालीं वर्षास एक आवृत्ति निवडून ती दोन वर्षें चालवावयाची असा प्रघात ठरला. परंतु फोनची चिप आंखून तो फोन गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंतच दोन वर्षें संपत. म्हणून २०१७ सालीं ही मुदत सहा वर्षांवर नेण्यांत आली. २०२३ च्या सप्टेंबरांत बिल्बाओ येथें जोनाथन कॉर्बेट यांनीं ती पुन्हा दोन वर्षांवर येत असल्याचें सांगितलें. फार जुन्या आवृत्त्या वापरणारे थोडे, आणि त्यांत दुरुस्त्या बसविणारे लोक थकलेले, हें त्याचें कारण. त्यांत लबाडी कांहीं नव्हती. सहा वर्षें जुन्या घराला नव्या घराची चौकट बसविणाऱ्या सुताराला विचारावें.

आतां दोन दोषांची हकीकत पाहूं. ‘डर्टी काऊ’ या नांवाच्या दोषामुळें साध्या वापरकर्त्यास यंत्राचा सर्वाधिकार मिळवितां येई. तो २००७ सालच्या २.६.२२ मध्यें शिरला आणि २०१६ च्या ऑक्टोबरांत दुरुस्त झाला. नऊ वर्षें सर्व सावध मंडळींच्या जुन्या गाभ्यांत तो निवांत बसून होता. उलट, तसाच अनर्थ करणारा ‘डर्टी पाइप’ हा २०२० सालच्या ५.८ मध्यें जन्मला. २०२२ सालीं तो उघडकीस आला तेव्हां ५.४ चालविणाऱ्यांस त्याची झळ लागली नाहीं, पण ५.१० ही दीर्घकालीन असूनहि सांपडली. पहिली गोष्ट नव्याच्या बाजूची, दुसरी जुन्याच्या. आणि ‘दीर्घकालीन’ ही मोहोर दोन्ही वेळां निरुपयोगी ठरली. उपयोग झाला तो दुरुस्ती तत्काळ येऊन पोंचण्याचा. मात्र तीहि जुन्यांत जशीच्या तशी बसतेच असें नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाला, तेव्हां ४.४ व ४.९ यांत ४.१४ हून निराळी, आधींची तजवीज घालावी लागली.

प्रस्तुत लेखक घरीं दीर्घकालीन आवृत्तीच वापरतो, पण ती आळसामुळें, हें कबूल केलेलें बरें. ज्यांचीं यंत्रें नवीन आहेत व ज्यांस आवृत्ति बदलावयास फुरसत आहे, त्यांनीं नवी घ्यावी. मूळ लेखकांचें लक्ष तिच्यावर असतें. जुनी घेणाऱ्यानें तिचे कष्ट कोण करतो एवढें आधीं विचारावें. वीजकेंद्रें, रेल्वे अशा ठिकाणीं यंत्र दशकानुदशकें हलवितां येत नाहीं. तेथल्या उद्योगांनीं २०१६ सालीं ‘सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म’ नांवाचा संघ काढला आणि निवडक आवृत्त्या दहा वर्षें वा अधिक चालविण्याचा खर्च स्वतः पत्करला. फेब्रुवारी २०२२ मध्यें ४.४ ला मूळ मंडळींनीं निरोप दिला. या संघाचे लोक त्यानंतरहि तिला ठिगळें लावीत राहिले.