‘गड आला पण सिंह गेला’ : एका कादंबरीचें ऐतिहासिक वाचन

कै. हरि नारायण आपटे (1864–1919) यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी आम्हीं नुकतीच पुन्हा एकवार साद्यंत वाचून काढली. कादंबरीचें रसग्रहण हा ह्या पृष्ठांचा विषय नव्हे, हें आम्ही जाणतों. परंतु जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास ह्या ग्रंथाशीं निराळेंच काम पडतें. तेवढ्याचाच येथें विचार कर्तव्य आहे.

मूळ प्रसंग असा. पुरंदरच्या तहान्वयें 1665 सालीं मोंगलांस दिलेल्या 23 किल्ल्यांत कोंढाणा होता. माघ वद्य 9 शके 1591, म्हणजे 4 फेब्रुवारी 1670 रोजीं, तानाजी मालुसरे यांनीं रात्रीं छापा घालून तो परत घेतला. त्या झुंजांत ते स्वतः व किल्लेदार उदेभान असे दोघेही पडले. राजाराममहाराजांच्या काळीं जिंजीस लिहिलेल्या बखरींत सभासदानें हा प्रसंग थोडक्यांत आटोपला आहे. मावळे कडा चढून जातात, तानाजीची ढाल तुटते, पुढें बंधु सूर्याजी काम तडीस नेतो. त्यांत घोरपड नाहीं, सारीपाटाचा डाव नाहीं, रायबाचें लग्नही नाहीं. हीं सर्व तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यांतील लेणीं होत. तो पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या 1891 च्या संग्रहांत छापला गेला. आपट्यांनीं त्यावर कमलकुमारीचें कथानक स्वतःच्या कल्पनेनें रचिलें. येणेंप्रमाणें बखर, पोवाडा व कादंबरी असे तीन थर एकावर एक बसले आहेत.

कादंबरीच्या नांवामुळें दृढ झालेला एक समज तर अस्सल कागदापुढें टिकत नाहीं. तानाजीच्या मरणामुळें कोंढाण्याचा सिंहगड झाला, असें सर्वत्र सांगतात. परंतु एप्रिल 1663 मधील शिवाजीमहाराजांच्या पत्रांतच ‘सिंहगड’ हें नांव आलेलें आहे. तेव्हां तानाजी हयात होता.

मग आपट्यांस दोष द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांनीं कादंबरी म्हणूनच ती लिहिली. तिच्यावरून बाबूराव पेंटर यांनीं 1923 सालीं ‘सिंहगड’ हा चित्रपट काढला, आणि कल्पित पात्रें घरोघरीं ऐतिहासिक पुरुषांप्रमाणें ओळखीचीं झालीं. खरा धोका येथूनच सुरू होतो. लोकांच्या तोंडीं रुळलेली कथा नकलकाराच्या लेखणींत उतरावयास वेळ लागत नाहीं.

यास्तव संग्राहकांस आमची एक सूचना आहे. मोडी लिपींतील, जुन्या कागदावरील म्हणून दाखविलेल्या एखाद्या बखरींत कमलकुमारी आढळली, तर ती नक्कल, निदान तेवढा मजकूर, कादंबरीनंतरचा समजावा. मग कागद कितीही जीर्ण दिसो. मात्र ही कसोटी एकाच बाजूनें लागते. कमलकुमारी नाहीं, एवढ्यावरून कोणताही कागद जुना ठरत नाहीं. त्यास अक्षरवटिका, शिक्के व तिथिवार ह्यांचाच आधार पाहिजे.

असला उत्तरकालीन कागदही फेंकून देऊं नये. 1670 सालीं काय घडलें हें तो सांगणार नाहीं; पण पुढच्या पिढ्यांनीं तें कसें आठवलें, हें सांगेल. तोही इतिहासच आहे. फक्त त्याचें टिपण वेगळ्या रुमालांत बांधून ठेवावें.